ऑल-टेरेन टायर

ऑल-टेरेन टायर (संक्षेपाने ए/टी टायर) हा डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्ही ठिकाणी वापरता यावा या हेतूने बनवलेला मोटारगाडीचा टायर आहे. जीप, एसयूव्ही, पिकअप आणि चारही चाकांना शक्ती मिळणारी इतर वाहने यांना तो प्रामुख्याने बसवला जातो. नावाचा शब्दशः अर्थ ‘सर्व प्रकारच्या जमिनीसाठीचा’ असा होतो; परंतु कोणत्याही एका जमिनीवर तो सर्वोत्तम ठरत नाही. गुळगुळीत रस्त्यावर हायवे-टेरेन टायर आणि खोल चिखलात मड-टेरेन टायर त्याच्यापेक्षा सरस असतात. दोन्हींचे काम बऱ्याच अंशी एकाच टायरकडून करून घेणे, हे त्याचे प्रयोजन आहे.

त्यामुळे ऑल-टेरेन टायरची निवड ही तडजोडीची निवड असते. कच्च्या वाटेवर पकड वाढवणारी जवळपास प्रत्येक गोष्ट पक्क्या रस्त्यावर काही ना काही किंमत मागते. ही किंमत आवाज, इंधन आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागण्याचे अंतर या रूपांत द्यावी लागते. योग्य निवडीसाठी वाहन प्रत्यक्षात कोठे व किती चालते, त्यावर किती भार असतो आणि कोणते माप त्याला मानवते, या तीन बाबी टायरच्या दिसण्यापेक्षा महत्त्वाच्या असतात.

इतिहास

हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४० च्या दशकात पेटंटद्वारे मांडली होती. मात्र तिचा व्यवहारात प्रसार झाला तो जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील पेटंटनंतर. कच्च्या वाटांवर चालण्यासाठी वेगळी नक्षी असलेले टायर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या संख्येने तयार झाले. अमेरिकी लष्कराच्या जीपगाड्यांना जाड, आडव्या ठोकळ्यांची नक्षी असलेले टायर असत. ही नक्षी दिशाविरहित होती, म्हणजे चाक पुढे फिरो वा मागे, पकड सारखीच मिळे. त्या काळातील टायर बायस-प्लाय बांधणीचे होते. त्यांच्यातील दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत असत. असे टायर चिवट असले, तरी वेगात लवकर तापत आणि पक्क्या रस्त्यावर वाहनाला सरळ रेषेत स्थिर ठेवत नसत.

फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये तो बाजारात आणला. रेडियल बांधणीत दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काटकोनात जातात आणि त्यांवर पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे टायरची बाजू लवचीक राहते, तर जमिनीला टेकणारा भाग सपाट व घट्ट राहतो. हे तंत्र कच्च्या वाटेच्या टायरला लागू झाल्यावर आजच्या ऑल-टेरेन टायरचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेतील बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये आणलेला रेडियल ऑल-टेरेन टी/ए हा या वर्गातील आरंभीच्या टायरांपैकी एक मानला जातो. मेक्सिकोच्या वाळवंटी द्वीपकल्पात १९६७ पासून होणाऱ्या बाहा १००० सारख्या शर्यतींनी अशा टायरांची कसोटी पाहिली.

भारतात १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. दीर्घकाळ अशी वाहने शेती, वनखाते, पोलीस आणि लष्कर यांच्या कामापुरतीच मुख्यतः मर्यादित होती. २०२० मध्ये आलेली दुसऱ्या पिढीची महिंद्रा थार आणि २०२३ मध्ये आलेली पाच दरवाजांची मारुती सुझुकी जिमनी यांनंतर खाजगी वाहनधारकांमध्येही ऑल-टेरेन टायरविषयीचे कुतूहल वाढले.

रचना

टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीदार भाग म्हणजे ट्रेड. ऑल-टेरेन टायरचा ट्रेड एकमेकांत गुंतलेल्या, मध्यम आकाराच्या ठोकळ्यांचा असतो. ठोकळ्यांमधील खाचा हायवे-टेरेन टायरपेक्षा रुंद व खोल असतात. नव्या टायरच्या खाचांची खोली सामान्यतः १० ते १३ मिमी भरते. हायवे-टेरेन टायरमध्ये ती सुमारे ८ ते ९ मिमी, तर मड-टेरेन टायरमध्ये १४ मिमी किंवा त्याहून अधिक असू शकते.

ठोकळ्यांच्या कडा मऊ जमिनीत रुततात आणि वाहनाला पुढे ढकलण्यासाठी आधार मिळवतात. खाचा पाणी, चिखल व खडी यांना बाहेर पडायला वाट देतात. ठोकळ्यांवर असलेल्या बारीक चिरांना साइप म्हणतात. ओल्या डांबरावर किंवा बर्फावर ठोकळा किंचित वाकतो, या चिरा उघडतात आणि पकड घेणाऱ्या कडांची संख्या वाढते. खाचांच्या तळाशी काही टायरांत लहान उंचवटे असतात. खडीचा तुकडा खाचेत अडकून तळाच्या रबरात शिरू नये, यासाठी त्यांची योजना केलेली असते.

टायरच्या बाजूच्या भिंतीला साइडवॉल म्हणतात. कच्च्या वाटेवर टायर निकामी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे धारदार दगडाने फाटलेली साइडवॉल. ट्रेडमध्ये खिळा गेल्यास पंक्चर काढता येते. साइडवॉल फाटल्यास मात्र टायर सहसा टाकूनच द्यावा लागतो. म्हणून ऑल-टेरेन टायरमध्ये ट्रेडच्या खांद्यावरील ठोकळे बाजूपर्यंत उतरवलेले असतात, आणि अधिक मजबूत प्रकारांत साइडवॉलमध्ये दोऱ्यांचा जादा थर असतो. रबराचे मिश्रणही ठोकळ्यांचे टवके उडू नयेत अशा बेताचे असते. असे चिवट मिश्रण दगडांवर टिकते, परंतु ओल्या डांबरावर मऊ मिश्रणाइतके चिकटत नाही.

इतर प्रकारांशी तुलना

हायवे-टेरेन टायरची नक्षी लांबट पट्ट्यांची, खाचा अरुंद आणि वजन कमी असते. बहुतेक एसयूव्ही कारखान्यातून याच टायरांवर बाहेर पडतात. पक्का रस्ता, मुरमाची वाट आणि कोरडी माती एवढ्यापुरता तो पुरेसा असतो.

मड-टेरेन टायरला मोठाले, दूरदूर असलेले ठोकळे असतात. फिरताना खाचांतील चिखल झटकला जाऊन ट्रेड पुन्हा मोकळा होतो. मात्र रस्त्यावर तो मोठा आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या डांबरावर कमी पकड देतो.

ऑल-टेरेन टायर या दोहोंच्या मध्ये बसतो. पण त्याच्या वर्गातही बरीच तफावत असते. काही टायर हायवे-टेरेनच्या जवळचे असून त्यांचे ठोकळे बारीक असतात, तर काहींचे ठोकळे आणि साइडवॉल मड-टेरेनकडे झुकणारे असतात. ऑल-टेरेन व मड-टेरेन यांच्या मधल्या टायरांना काही उत्पादक रग्ड-टेरेन असे वेगळे नाव देतात. ए/टी ही अक्षरे कोणत्याही एका सक्तीच्या कसोटीशी बांधलेली नसल्याने, तेवढ्यावरून टायरचा स्वभाव ठरवता येत नाही.

साइडवॉलवरील खुणा

टायरविषयीची बहुतेक माहिती त्याच्या साइडवॉलवरच छापलेली असते. उदाहरणार्थ, ‘२५५/६५ आर १८’ हे महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांवरील माप पुढीलप्रमाणे वाचले जाते:

• २५५ – टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
• ६५ – साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. येथे ती सुमारे १६६ मिमी होते.
• आर – रेडियल बांधणी.
• १८ – रिमचा व्यास, इंचांमध्ये.

मापानंतर येणारा दोन किंवा तीन अंकी आकडा भारांक असतो. तो थेट किलोग्रॅम दाखवत नाही, तर ठरलेल्या कोष्टकातील क्रमांक दाखवतो. भारांक ९४ म्हणजे एका टायरवर कमाल ६७० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०८ म्हणजे १,००० किलो. त्यापुढील अक्षर कमाल वेगाचे असते. क्यू म्हणजे ताशी १६० किमी, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९० आणि एच म्हणजे २१० किमी.

मापाच्या आधी एलटी ही अक्षरे असल्यास तो टायर हलक्या मालवाहू वाहनांच्या मानकानुसार बांधलेला असतो. ‘एम+एस’ ही खूण चिखल व बर्फ दर्शवते. मात्र ती नक्षीच्या स्वरूपावरून दिली जाते, प्रत्यक्ष चाचणीवरून नव्हे. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी आकृती असल्यास तो टायर दाबलेल्या बर्फावरील पकडीच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला असतो. ही खूण उत्तर अमेरिकेत १९९९ मध्ये प्रचारात आली.

डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. न वापरता पडून राहिलेल्या टायरचे रबरही कालांतराने कडक होते, म्हणून खरेदीच्या वेळी ही तारीख पाहणे आवश्यक असते.

निवडीचे निकष

वापराचे प्रमाण

पहिला निकष म्हणजे वाहनाच्या एकूण धावेपैकी कच्च्या वाटेचा वाटा. रोज शहरात चालणारे आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी गडाच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेने जाणारे वाहन वर्षभर पक्क्या रस्त्यावरच असते. अशा वाहनाला हायवे-टेरेन किंवा सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन टायर पुरतो. शेतावर, खाणीवर, धरणाच्या किंवा वीजवाहिनीच्या कामावर दररोज जाणाऱ्या वाहनाला मजबूत साइडवॉलचा ऑल-टेरेन टायर उपयोगी पडतो. वर्षातील एखाद्या अवघड दिवसासाठी उरलेल्या सर्व दिवसांची पकड कमी करणे सहसा फायद्याचे ठरत नाही.

भूप्रकार

‘कच्ची वाट’ या एकाच शब्दात अतिशय भिन्न स्वरूपाच्या जमिनी येतात. महाराष्ट्रातच काही शे किलोमीटरच्या अंतरात यांपैकी बहुतेक आढळतात.

ओले डांबर: सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस अतिशय पडतो. महाबळेश्वर आणि आंबोली येथे त्याचे वार्षिक प्रमाण ५,००० मिमीपेक्षा अधिक असते. तेथील घाटरस्त्यांवर वळणे, उतार, वरून वाहून आलेली माती आणि धुके ही एकत्र येतात. ऑल-टेरेन टायरच्या खोल खाचा साचलेले पाणी चांगल्या प्रकारे बाजूला सारतात, त्यामुळे पाण्याच्या थरावर तरंगण्याचा धोका काहीसा कमी होतो. परंतु जमिनीला टेकणारे रबर कमी, ठोकळे उंच व डुलणारे आणि मिश्रण कडक असल्याने ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सामान्यतः चांगल्या हायवे-टेरेन टायरपेक्षा जास्त असते. घाटात नित्य प्रवास असणाऱ्यांनी भरपूर साइप असलेला टायर निवडणे आणि वेग व पुढील वाहनापासूनचे अंतर त्यानुसार राखणे महत्त्वाचे ठरते.

काळी माती: दख्खनच्या पठारावरील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाणी शोषून फुगणारे चिकणमातीचे खनिज असते. कोरडी असताना ही माती भेगाळलेली व टणक असते. पाऊस पडताच ती चिकट होऊन खाचा गच्च भरून टाकते. खाचा भरल्या की नक्षी असून नसल्यासारखी होते आणि टायर गुळगुळीत रुळासारखा घसरतो. अशा मातीत मड-टेरेन टायरच्या मोकळ्या खाचा सरस ठरतात. ऑल-टेरेन टायर वापरायचाच असल्यास रुंद खाचांची नक्षी बरी. मात्र पावसानंतर अशा वाटेवर वाहन न नेणे हाच अनेकदा सर्वांत चांगला उपाय असतो.

जांभा व लाल माती: कोकणातील जांभ्याचे सडे खरखरीत असल्याने कोरड्यात उत्तम पकड देतात. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते आणि लाल मातीचा पातळ गाळ पसरतो. येथे खाली टणक थर असल्याने अरुंद टायर वरचा गाळ कापून त्या थरापर्यंत पोहोचतो. रुंद टायर मात्र गाळावरच तरंगत घसरू शकतो.

खडी व कातळ: बेसाल्टचे फुटके दगड, नदीपात्रातील गोटे आणि ताजी खडी यांवर नक्षीपेक्षा साइडवॉलची मजबुती अधिक मोलाची असते. येथे टवके न उडणारे मिश्रण आणि साइडवॉलमधील जादा थर उपयोगी पडतात.

वाळू: वाळूत ठोकळ्यांनी खणण्यापेक्षा वर तरंगणे आवश्यक असते. राजस्थानातील वाळवंटासारख्या ठिकाणी रुंद टायर आणि कमी केलेला हवेचा दाब यांचा उपयोग होतो. अतिशय आक्रमक नक्षी वाळू उपसून चाक रुतवते. समुद्रकिनाऱ्यांवर वाहन नेण्यास अनेक ठिकाणी स्थानिक प्रशासनाची बंदी असते. कोकण किनारपट्टीवर वेळाससारख्या ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि वाहनांमुळे त्यांच्या घरट्यांना धोका पोहोचतो.

बर्फ: लडाख, हिमाचल प्रदेश व काश्मीर येथे थंडीत रबर कडक होते. दाबलेल्या बर्फासाठी हिमकणाची खूण असलेला ऑल-टेरेन टायर साध्या टायरपेक्षा बरा असतो. गोठून काच झालेल्या पाण्यावर मात्र तोही पुरेसा नाही. तेथे चाकांना साखळ्या लावाव्या लागतात.

माप

अनेक वाहनधारक ऑल-टेरेन टायर घेताना मूळ मापापेक्षा मोठा टायर बसवतात. टायरचा व्यास वाढल्याने वाहनाचा तळ जमिनीपासून वर येतो, पण ही वाढ व्यासातील फरकाच्या निम्मीच असते. मारुती सुझुकी जिमनीचे उदाहरण पाहता येते. तिचे मूळ माप १९५/८० आर १५ असून त्याचा व्यास ६९३ मिमी होतो.

• २१५/७५ आर १५ हे माप घेतल्यास व्यास सुमारे ७०३.५ मिमी होतो. वाढ सुमारे १.५ टक्के, तळाची उंची सुमारे ५ मिमीने जास्त.
• २३५/७५ आर १५ हे माप घेतल्यास व्यास सुमारे ७३३.५ मिमी होतो. वाढ सुमारे ५.८ टक्के, तळाची उंची सुमारे २० मिमीने जास्त.

दुसऱ्या पर्यायाचे परिणाम अनेक ठिकाणी दिसतात. मूळ टायरवर अचूक असलेला स्पीडोमीटर ताशी ८० किमी दाखवत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ८५ किमी असतो. ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर नोंदवतो, त्यामुळे इंधनाचा हिशेबही चुकतो. त्याच गिअरमध्ये चाकाच्या कडेला मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटतो, आणि चढावर इंजिन दमल्यासारखे वाटते. ब्रेकला मोठे व जड चाक थांबवावे लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात सस्पेन्शन दबल्यावर टायर मडगार्डच्या आतील बाजूस घासू शकतो. टायरचे वाढीव वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने उसळी वाढते. म्हणून मूळ माप किंवा उत्पादकाने त्याच वाहनाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मान्य केलेले माप हाच निवडीचा सुरक्षित आरंभबिंदू मानला जातो.

भार आणि बांधणी

बदली टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असू नये. कच्च्या वाटेने लांबच्या प्रवासाला निघालेल्या वाहनावर प्रवासी, सामान, छतावरील कॅरिअर, पाण्याचे व इंधनाचे कॅन आणि दोर अशी बरीच भर पडते, आणि तिचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. भार व उष्णता एकत्र आल्यास टायरचे थर सुटून तो वेगात फुटू शकतो.

एलटी टायरांची बांधणी जड व चिवट असते आणि भार वाहण्याची त्यांची क्षमता अधिक असते. परंतु तोच भार पेलण्यासाठी त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. वाहनाच्या दरवाजाजवळील पट्टीवर दिलेला दाब कारखान्यातून आलेल्या टायरांसाठी असतो. तोच आकडा एलटी टायरला जसाच्या तसा लावल्यास टायर कमी हवेवर चालू शकतो. हलक्या एसयूव्हीला अतिशय जड एलटी टायर बसवल्यास साइडवॉल पुरेशी दबत नाही, वाहन धक्के देते आणि इंधन अधिक लागते. त्यामुळे ‘जितका मजबूत तितका चांगला’ हे सूत्र येथे लागू पडत नाही.

हवेचा दाब

कच्च्या वाटेवर टायरची निवड जितकी महत्त्वाची, तितकाच हवेचा दाबही. टायर जमिनीवर जेवढ्या क्षेत्रफळाने टेकतो, ते ढोबळमानाने चाकावरील भार भागिले हवेचा दाब इतके असते. एका चाकावर ४०० किलो भार आणि ३० पीएसआय दाब असल्यास हे क्षेत्रफळ सुमारे १९० चौरस सेंमी येते. दाब निम्मा केल्यास ते दुपटीच्या दिशेने वाढते. साइडवॉल स्वतःही काही भार पेलत असल्याने प्रत्यक्ष वाढ त्याहून थोडी कमी असते. ही वाढ रुंदीपेक्षा लांबीत अधिक होते, म्हणजे टायर जमिनीवर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट पसरतो.

म्हणूनच वाळूत दाब सुमारे १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवला जातो. खडी व दगडांवर थोडी हवा कमी केल्यास टायर दगडाभोवती वाकतो आणि धक्के कमी होतात. मात्र दाब फार उतरवल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो, आणि फुगलेली साइडवॉल दगडावर फाटण्याचा धोका वाढतो. कमी हवेवर पक्क्या रस्त्यावर वेगाने जाणे सर्वांत धोकादायक असते, कारण साइडवॉल सतत वाकून तापते. त्यामुळे दाबमापक गेज आणि बॅटरीवर चालणारा लहान कॉम्प्रेसर ही साधने कच्च्या वाटेच्या प्रवासात स्टेपनीइतकीच आवश्यक समजली जातात.

उंचीचाही दाबावर परिणाम होतो. गेज टायरच्या आतील व बाहेरील दाबांतील फरक दाखवतो. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. सुमारे ५,३०० मीटर उंचीवरील खिंडीत तो जवळपास निम्मा राहतो. तापमान तेच राहिले, तर सपाटीवर भरलेला टायर तेथे गेजवर सुमारे ७ पीएसआय जास्त दाखवील. थंडी याच्या उलट काम करते: तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने उतरल्यास दाब साधारण १ पीएसआयने घटतो. म्हणून उंच प्रदेशात मुक्कामानंतर सकाळी, टायर थंड असताना, दाब नव्याने तपासण्याची पद्धत आहे.

बसवणी आणि देखभाल

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनात चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे व जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. थार व जिमनी यांसारख्या वाहनांत फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढचा व मागचा आस एकमेकांशी थेट जोडले जातात. टायरांच्या व्यासात फरक असल्यास एका आसाला दुसऱ्यापेक्षा अधिक फिरावे लागते आणि हा ताण गिअर व शाफ्टवर येतो. मऊ जमिनीवर चाक थोडे घसरून तो ताण मोकळा होतो. कोरड्या डांबरावर तसे होत नाही. याच कारणाने स्टेपनीही त्याच मापाची असणे इष्ट. मागच्या दरवाजावर टांगलेली स्टेपनी मोठी व जड झाल्यास बिजागऱ्यांवर भार वाढतो.

ऑल-टेरेन टायरचे ठोकळे वेडेवाकडे झिजण्याकडे कल असतो आणि तसे झाल्यावर आवाज वाढतो. साधारण ८,००० ते १०,००० किमी धावेनंतर टायरांची अदलाबदल, तसेच वेळोवेळी अलाइनमेंट व बॅलन्सिंग केल्याने आयुष्य वाढते. कच्च्या वाटेहून परतल्यावर साइडवॉलवरील चिरा, अडकलेले दगड आणि रिमच्या आतील बाजूस साचलेला चिखल पाहिला जातो. वाळलेल्या चिखलाने चाकाचा समतोल बिघडतो आणि स्टिअरिंग थरथरते.

ट्रेडच्या खाचांत १.६ मिमी उंचीचे झीजदर्शक उंचवटे असतात. ट्रेड त्यांच्या पातळीला आला की टायर बदलणे आवश्यक असते. मात्र चिखलातील व ओल्या रस्त्यावरील पकड त्याच्या बरीच आधी घटू लागते. नक्षी शिल्लक असली, तरी पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांपेक्षा जुना टायर वापरू नये, अशी शिफारस मिशेलिनसारखे उत्पादक करतात.

भारतातील नियम आणि उपलब्धता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ व ९५ टायरची स्थिती, माप व क्षमता यांच्याशी संबंधित आहेत. मोटारगाडीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. मोठ्या मापाचे टायर व त्यासाठी उंचावलेले सस्पेन्शन बसवताना ही तरतूद लक्षात घ्यावी लागते.

२००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायरांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना होणारा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू केले. या मालिकेतील मानके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था प्रकाशित करते. जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात ‘प्रतिबंधित’ श्रेणीत टाकण्यात आली, म्हणजे त्यासाठी परवाना आवश्यक झाला. कमी खपाची अनेक मापे आयातीवर अवलंबून असल्याने निवडलेले माप पुढेही मिळत राहील का, हा प्रश्न भारतीय ग्राहकासाठी व्यावहारिक महत्त्वाचा आहे. दूरच्या प्रवासात एक टायर फाटल्यास त्याच मापाचा टायर जवळच्या शहरात मिळणे हे दुर्मीळ नक्षीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

भारतीय कंपन्यांपैकी सिएट, अपोलो व जेके टायर यांचे ऑल-टेरेन टायर बाजारात आहेत. सिएट झार ए/टी, अपोलो ॲप्टेरा एटी२ आणि जेके रेंजर ए/टी ही त्यांची उदाहरणे होत. परदेशी नाममुद्रांमध्ये योकोहामा जिओलँडर, ब्रिजस्टोन ड्युलर, जनरल ग्रॅबर आणि बीएफगुडरिच यांच्या मालिका परिचित आहेत.

मर्यादा

ऑल-टेरेन टायर वाहनाची पकड वाढवतो, पण वाहनाच्या इतर मर्यादा बदलत नाही. केवळ दोन चाकांना शक्ती मिळणारे वाहन आक्रमक नक्षीच्या टायरमुळे फोर-व्हील ड्राइव्ह होत नाही. तळाची उंची, इंजिनाची ताकद व चालकाचा अनुभव यांचे महत्त्व कायम राहते. चढावर वाहनाला वर नेणारी पकड आणि उतारावर त्याला थांबवणारी पकड या एकाच टायरमधून येत असल्या, तरी दोन्ही सारख्या वाढत नाहीत. मातीत सहज चढून गेलेले वाहन परतीच्या वाटेवर ओल्या डांबरावर अपेक्षेपेक्षा उशिरा थांबू शकते. नव्या टायरवर सुरुवातीचे काही शे किलोमीटर सावकाश चालवून त्याची ओल्या व कोरड्या रस्त्यावरील वागणूक ओळखून घेणे हितावह असते.

हे सुद्धा पहा

• टायर
• रेडियल टायर
• फोर-व्हील ड्राइव्ह
• जीप
• काळी माती